खिळ्यावरची बावीस इंची पट्टी

सन दोन हजार पंधरा. मी एकसष्ट वर्षांचा होतो. त्या वयात दारव्ह्याच्या बाजारात एका माणसानं डोळ्याला भिंग लावून मला तपासलं. मी दाखवायला नेलेल्या मशीनीला नाही, मला. पायापासून सुरुवात केली, गुडघ्यावर थांबला, कमरेवर जरा जास्तच थांबला, आणि भिंग डोळ्यात तसंच ठेवून म्हणाला, "कंबर गेली हाय तुमची. डाव्या अंगानं." चार लोक उभे होते, त्यांच्या देखत. कंबर खरंच डाव्या अंगानं गेलेली होती, पण ते मी घरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. मी तिथल्या तिथं मनात ठरवून टाकलं की हा माणूस चोर आहे. ज्याला दुसऱ्याच्या कमरेतलं दिसतं, त्याला खिशातलंही दिसत असणार.

हेच ते घडीवाले. तेव्हा मी मनात त्यांना 'तो' म्हणत होतो, आता 'ते' म्हणतो. हा फरक पडायला आठ वर्षं लागली. घडीवाले गेले त्याला आता वर्ष होत आलं. आमच्या भागात ज्यानं कोणी झाड कापायची मशीन घेतली, त्याला हा माणूस माहीत असणारच. पण मला जसा माहीत आहे तसा नसेल, कारण माझ्याएवढा संशय त्यांच्यावर दुसऱ्या कोणी घेतला नाही.

त्यांचं दुकान बसस्टँडच्या मागे होतं. टिनाचा गाळा, आतून निळी भिंत, आणि समोर छपराला टेकू म्हणून सागाचा एक खांब. तीस वर्षं त्यांनी घड्या दुरुस्त केल्या. मग लोकांच्या खिशात मोबाईल आला, मोबाईलमध्ये टाइम आला, आणि मनगटं मोकळी झाली. तेव्हा ते फवारणीच्या पंपाकडे वळले, पंपावरून झाड कापायच्या मशीनीकडे. काम बदललं, भिंग मात्र डोळ्यातच राहिलं. कापसाच्या वावरातून आलेला चिखलानं माखलेला पंप असो की लाकूडवाल्याच्या मशीनीची चैन, ते घडीच्या पोटात पाहावं तसं पाहत. नाव त्यांचं दुकानाच्या पाटीवर कधीकाळी लिहिलेलं होतं, पण उन्हानं पार उडालं होतं. मी विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही. मी चाळीस वर्षं आरा ओढला, दोन माणसांचा, म्हणून ते मला 'आरेवाले' म्हणत. दोघंही एकमेकांच्या धंद्याच्या नावानं हाका मारत होतो, आणि दोघांचेही धंदे बसलेले होते.

माझा कसा बसला तेही सांगतो. आऱ्याला दोन टोकं असतात. माझ्या दुसऱ्या टोकाला जो माणूस तीस वर्षं होता तो वारला. नवा माणूस मिळत नाही असं नाही, पण आऱ्यावर नवा माणूस म्हणजे नवीन बायको. त्या वयात नको वाटते. म्हणून मशीन घेतली. ना लहान ना मोठी, मधल्या कामाची. डब्यातच बावीस इंची पट्टी होती, म्हणजे ते लांब लोखंडी पातं, ज्याच्या कडेनं चैन फिरते. बावीस इंच! मी ती पट्टी हातात धरली आणि मला वाटलं, आता गावात माझ्यापुढे कोण उभा राहतो ते पाहू.

घडीवाल्यांकडे गेलो तो फक्त मशीन चालू करून घ्यायला. गावात सगळे म्हणाले, त्याला दाखवल्याशिवाय दोरी ओढू नको. कमरेचं झाल्यावर त्यांनी मशीनीवर भिंग धरलं आणि विचारलं, "झाड कोणतं?"

"सगळीच. बाभूळ, हिवर, निंब, चिंच."

"जाड किती?"

"मोठी."

"मोठी म्हंजे किती? खांबाले मिठी मारून दाखवा."

ही त्यांची रीत होती. गिऱ्हाइकानं त्या सागाच्या खांबाला मधे घेऊन दोन्ही हात गोल करायचे. झाड जेवढं जाड तेवढे हात खांबापासून लांब. मग घडीवाले बाहेरून टेप लावून घेर मोजत, त्यावरून जाडी काढत आणि तिच्यातून चार आणे, म्हणजे चौथा हिस्सा, कमी करत. "पाटील असो का मजूर, झाड सांगतानी माणूस चार आणे वाढवतेच," असं त्यांचं म्हणणं. बाजाराच्या दिवशी हा तमाशा पाहायला समोरच्या गजूच्या चहाच्या टपरीवर माणसं बसून राहत. मोठमोठे ठेकेदार खांबाला मिठी मारून उभे, आणि टपरीवरून कोणीतरी ओरडतं, "अबे जोरात धर, झाड पळून जाईन!" तो खांब छातीएवढ्या उंचीवर घासून घासून गुळगुळीत झाला होता.

मी म्हणालो, "मी खांबाला मिठी मारणार नाही. चाळीस वर्षं झाडं पाडली. माझ्या डोळ्यात टेप आहे."

"मंग तोंडानं सांगा."

आमच्या गावात सार्वजनिक विहिरीजवळ चिंच होती. ती मला डोळ्यासमोर आली. "तीन फूट," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा भिंगातून माझ्याकडे पाहिलं. "तीन फूट. चार आणे गेले, राह्यले सव्वादोन. अठरा इंची पट्टी पुरते, दोन्ही अंगानं कापलं की." आणि बोलता बोलता त्यांनी माझ्या नव्या मशीनीची दोन बोल्टं सोडवली, बावीस इंची पट्टी काढली, चैनीसकट तेलाच्या फडक्यानं पुसली आणि निळ्या भिंतीवरच्या एका खिळ्याला टांगून दिली. तिथं आधीच सहा पट्ट्या टांगलेल्या होत्या. सगळ्या लांब.

माझं रक्त गरम झालं. "हे काय करून राह्यले?"

"दम पट्टीत नसते, आरेवाले. दम इंजनात असते. ह्या इंजनाचा दम अठराचा हाय. बावीस लावली की कडक लाकडात थे रडते, मंग तुमी दाबता, मंग टोक पलटते. लांब पट्टीचं टोक लाकडाच्या पलीकडं राह्यते, तुमाले दिसत नाई. जे टोक दिसत नाई थेच चावते."

"डब्यात आलेली आहे ती! डब्यावर छापलं आहे!"

"छापलेलं वाचाले असते, मानाले नसते," ते म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. डब्यावर इंजिनाचा जो आकडा छापलेला असे, त्यातून ते डोळे मिटून आठ-दहा कमी धरत. औषधाच्या बाटलीवरची तारीख, एसटीचं वेळापत्रक, लग्नाच्या पत्रिकेवरचा मुहूर्त, कशावरही त्यांचा भरवसा नव्हता. एवढा संशयी माणूस मी आरशात सोडला तर दुसरा पाहिला नाही.

मग त्यांनी आपली एक जुनी अठरा इंची पट्टी मशीनीला लावली, तिची चैन लावली आणि वर अट सांगितली. "तुमची पट्टी इथी राहू द्या. ज्या दिवशी तुमी मले सांगसान का हे काहून नाई लावाची, त्या दिवशी ने जा. माह्यं सांगणं नाई, तुमचं सांगणं पायजे."

म्हणजे माझी नवी गेली आणि त्यांची जुनी आली. माझी बावीस गेली आणि अठरा आली. वर अट. आणि एवढं करून चहा पाजला. ज्या माणसाला काहीच नको असतं, त्याला नक्कीच काहीतरी हवं असतं. मी चहा प्यायलो, पण कपातही पाहून घेतलं.

घरी येऊन मी ती चैन तपासली. घडीवाल्यांनीच मला दाखवलं होतं की चैनीचं माप कसं घ्यायचं. चैनीच्या कड्या ज्या खिळ्यांनी जोडतात ते रिबीट; दोन रिबीटांमधलं एक अंतर मोठं असतं, एक लहान. म्हणून एका रिबीटाच्या मधापासून तिसऱ्याच्या मधापर्यंत मोजायचं आणि अर्धं करायचं. "तीन रिबीट मोजा, अर्धं करा," हे ते मंत्रासारखं म्हणत. डब्यावर यालाच पिच म्हणतात. मी माझी लोखंडी स्केल काढली. माझ्या स्केलवर सूत असतं, इंचाचा आठवा भाग. शाळा मी तिसरीपर्यंत शिकलो, पण सूत मला कोणी शिकवायला नको. तीन रिबीट मोजले तर पाच सूत आणि वर जरासं. अर्धं केलं तर अडीच सूत आणि वर जरासं. हे कसलं माप? अडीच सूत समजतो, तीन सूत समजतो. अडीचच्या वर आणि तीनच्या आत, असं माप मी जन्मात ऐकलं नव्हतं. बाजारात जसा कोणी काटा मारतो, तसं यानं माप मारलं, अशी माझी खात्री झाली. माझी पूर्ण मापाची चैन खिळ्यावर, आणि मला ही खोटी.

मग मी दर बाजाराच्या दिवशी गजूच्या टपरीवर बसून त्या भिंतीवरच्या पट्ट्या मोजू लागलो. सात होत्या. एका बाजाराला सहा झाल्या. त्यानंतर पाच. मी गजूला म्हणालो, "हा लोकांच्या पट्ट्या विकून राहिला."

गजू म्हणाला, "काका, लोकं येतात, सांगतात अन् घेऊन जातात. काल एक जण येऊन सांगून गेला."

"तू पाहिलंस?"

"इथंच तर बसलेला असतो मी."

गजूला तो रोज चहा सांगतो, गजू त्याच्याच बाजूनं बोलणार. मी माझी पट्टी ओळखून ठेवली. तिच्या टोकाजवळ एक निळा डाग होता. तो डाग आहे का पाहायचं आणि घरी यायचं, असं चाललं.

पुढच्या वैशाखात वादळ आलं आणि विहिरीजवळची चिंच कलंडली. पडली नाही, मुळं एका अंगानं उपटली आणि ती विहिरीवर वाकून राहिली. खाली बायका पाणी भरतात. सगळं गाव माझ्याकडे आलं. "काका, उद्या पाडा." मी म्हणालो, "परवा पाडतो." कारण मला अठरा इंचानं ती पाडायची नव्हती. सगळ्या गावासमोर लहान पट्टी घेऊन उभं राहायचं? आणि घडीवाल्याकडे जाऊन 'सांगतो, दे' म्हणायचं? त्यापेक्षा मी काळीपिवळी जीप पकडली आणि नेरला गेलो. तिथून दुसरी बावीस इंची पट्टी आणि तिची चैन आणली. दुकानातच स्केल काढली. तीन रिबीट, सहा सूत. अर्धे तीन. बरोब्बर तीन सूत, ना वर ना खाली. माझा जीव थंड झाला. याला म्हणतात माप.

ठरलेल्या दिवशी विहिरीजवळ माणसं जमली. मी पट्टी लावली. चैन गरारीवर जरा अडून बसली, गरारी म्हणजे इंजिनाजवळचं ते दातेरी चक्र जे चैन फिरवतं. मी म्हटलं, नवीन आहे, घासून बसेल. लाकडात अर्धा सूत इकडेतिकडे झालं तर रंधा मारून जमवतो, तसं जमवू. दोरी ओढली. मशीन चालू झाली, चैन दोन फेरे कडकड करत फिरली आणि मी लाकडाला टेकवायच्या आतच उडाली. धोतर फाटलं, पोटरीला तीन टाके पडले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एक म्हातारी म्हणाली, "राहू द्या हो भाऊ, नेरचा ठेकेदार बोलवू." ते मला टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

त्याच दुपारी लंगडत घडीवाल्यांकडे गेलो. रस्त्यात एक खोटं जुळवून ठेवलं होतं. नेरची पट्टी घरी ठेवली होती, त्यांची अठरा इंची परत लावून नेली होती. म्हणालो, "मशीन नीट चालत नाही. तुमच्या चैनीमुळे असेल."

त्यांनी झाकण उघडलं, गरारीवर भिंग धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता बोलू लागले, जसा हवालदार पंचनामा सांगतो. "तीन सुती चैन बसवली व्हती. ह्या गरारीचं माप तीन सूत नाई. दात खाल्ले. दोन-तीन फेऱ्यात उडाली. पोटरीले लागली, नाई का? उजव्या." आणि भिंग काढून म्हणाले, "सुतानं मोजलं ना तुमी?"

मी धोतर पोटरीवर ओढून घेतलं.

"आरेवाले, लाकूड सूत माफ करते. लोखंड करत नाई. चैनीचं माप, गरारीचं माप अन् पट्टीच्या टोकातल्या चक्राचं माप, तिन्ही एक पायजे. मंग थे अडीच सूत असो का अडीचच्या वर जरासं. ज्यानं मशीन बनवली, त्याच्या देशात सूत नसन."

नवी गरारी बसवली. चैनीला कानस मारून दिली, प्रत्येक दात सारखा, मोजून तेवढेच हात. उठलो तर म्हणाले, "चिंच दोन फूट हाय. तीन नाई."

"तुम्ही कधी पाहिली?"

"नाई पाह्यली. तुमी तीन सांगतली तवा डोळे मिचकावले व्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा इंची पट्टीनं, दोन्ही अंगानं, दोर बांधून मी ती चिंच विहिरीच्या दुसऱ्या बाजूला पाडली. इंजिन एकदाही रडलं नाही. पट्टीचं टोक सगळा वेळ माझ्या डोळ्यासमोर होतं. बायकांनी त्याच दिवशी पाणी भरलं. सगळे गेल्यावर मी बुंधा मोजला. दोन फुटाला दोन सूत कमी. घडीवाल्यांनी चार आणे कापले होते. मी पाच आण्यांहून जास्त वाढवली होती.

तेव्हा मला उत्तर माहीत झालं होतं. जाऊन सांगायचं तेवढं बाकी होतं. पण ते मी सांगितलं नाही. चाळीस वर्षं आरा ओढलेल्या माणसानं घड्या दुरुस्त करणाऱ्यासमोर उभं राहून धडा म्हणायचा? मी म्हटलं, पट्टी माझी आहे, अटीशिवाय दे. त्यांनी म्हटलं, सांगा अन् न्या. मी म्हटलं, विसरून जा. ते म्हणाले, मी कायले विसरू, खिळ्यावर टांगली हाय.

अशी सात वर्षं गेली. या सात वर्षांत मी त्यांच्याकडे किती वेळा गेलो याला मोजदाद नाही. चैन कानसून आणायला, तेल बदलायला, आणि खरं तर निळा डाग पाहायला. माझं कानसणं त्यांना कधी पसंत पडलं नाही. भिंग लावून म्हणत, "उजवीकडचे दात तुमी रागात कानसले, डावीकडचे बसून." मशीन कोणत्या लाकडावर चालली ते दाताच्या धारेवरून ओळखत. एकदा मी मुद्दाम बाभूळ कापून निंब सांगितला. ते हसले. "परीक्षा घेऊन राह्यले का? बाभूळ व्हय थे. वाळलेली." मी त्यांची परीक्षा घेत होतो आणि ते माझी. आमच्यात गोड शब्द असा झालाच नाही. पण बाजाराच्या दिवशी मी गेलो नाही तर ते गजूला विचारत, "आरेवाला मेला का काय?" आणि मी गेलो की गजू हे मला सांगत असे. मी म्हणे, "त्याला माझी पट्टी हडपायची आहे, म्हणून विचारतो."

भिंतीवरच्या बाकी पट्ट्या एकेक करून गेल्या. नव्या आल्या, त्याही गेल्या. तरणी पोरं यायची, हसत हसत सांगून टाकायची आणि पट्टी घेऊन जायची. शेवटी दोन वर्षं त्या भिंतीवर माझी एकटीच राहिली. दर पावसाळ्यात ते तिला तेल लावत. मी टपरीवरून पाहत असे. एकदा वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं. उठलोही होतो. पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक खांबाला मिठी मारून उभं राहिलं, सगळे हसले, आणि मी परत बसलो.

मग त्यांचा भिंगाचा डोळा गेला. आधी धूसर झाला, मग कानस दातावर न पडता बोटावर पडू लागली. ते कोणाला सांगत नव्हते, पण मला दिसलं; एवढ्या वर्षांत मीही पाहायला शिकलो होतो. एका बाजाराला मी मशीन दिली तर त्यांनी भिंग दुसऱ्या डोळ्याला लावलं. मी म्हणालो, "डोळा बदलला?" ते म्हणाले, "थो सुटीवर गेला." आणि बराच वेळ बोटानंच चैनीचे दात चाचपत राहिले.

त्यानंतर मी तापानं पंधरा दिवस घरी होतो. उठलो तसा दारव्ह्याला गेलो. गाळा उघडा होता. आत काही नव्हतं. पंप नाहीत, कानशी नाहीत, टेबल नाही. निळी भिंत आणि तिच्यावर खिळे. माझा खिळा रिकामा होता.

आता जे केलं ते लिहितो. मी गजूच्या टपरीसमोर उभा राहिलो आणि ओरडलो. बाजाराचा दिवस होता, दहा-वीस माणसं तरी होती. म्हणालो, "सात वर्षं सांगत होतो, कोणी ऐकलं नाही. हा माणूस चोर आहे. माझी पट्टी विकून पळाला." एक जण म्हणाला, "काका, त्यांची पोरगी नागपूरला घेऊन गेली त्यांना, डोळ्यासाठी." मी म्हणालो, "डोळ्याचं निमित्त. माझ्या पट्टीवरच डोळा होता त्याचा." काही लोक हसले. गजू हसला नाही. त्यानं माझ्यासमोर ठेवलेला चहा उचलून परत नेला. एवढ्या वर्षांत गजूनं असं कोणाबरोबर केलेलं मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जीपमधून उतरून घरी आलो. ओसरीवर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब उभं केलेलं होतं. मी आमच्या म्हातारीला, म्हणजे बायकोला, विचारलं, "हे काय?"

"तुमी गेल्यावर जीपवाल्यानं आणून देलं. घडीवाल्यानं पाठवलं म्हणे. चार दिस झाले, त्याच्याच गाडीत व्हतं, थो इकडं आलाच नाई."

"अन् काय म्हणाला?"

"म्हणे, आरेवाल्याले द्या, त्याले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"मले काय माहीत? तुमालेच माहीत हाय म्हणे. बस, एवढंच."

पोतं सोडलं. टोकाजवळ निळा डाग. गंज नावाला नाही. चैन तेलात भिजवलेली, तीच, डब्यातली. तरी मी स्केल आणली. खोटं कशाला बोलू, त्या वेळीही मी आधी मोजलं. पट्टी बावीस. तीन रिबीट, पाच सूत आणि वर जरासं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी दिलेल्या चैनीचं जे माप होतं तेच. म्हणजे पहिल्या दिवशीसुद्धा माझ्याशी काही खोटं झालेलं नव्हतं. मी स्केल खाली ठेवली आणि म्हातारीनं जेवायला बोलावलं तरी उठलो नाही. मी एकदाही तोंड न उघडता त्यांनी उत्तर जमा करून घेतलं होतं, आणि मी त्यांच्यासाठी बाजारात काय जमा करून आलो होतो?

त्यांना परत भेटणं झालं नाही. नागपूरलाच काही महिन्यांनी गेले. मी बोललो ते त्यांच्या कानावर गेलं की नाही मला माहीत नाही. गजूला विचारलं तर म्हणतो, "मी कायले सांगू?" गेलं असेल तर दुसऱ्या दिवशीचंही गेलं असेल, असं मी धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं मी ती पट्टी घेऊन दारव्ह्याला गेलो. बाजार नव्हता. टपरीवर सहा-सात माणसं होती, त्यातली तीन कालची. मी चहा मागितला नाही. पट्टी वर धरली आणि म्हणालो, "काल मी खोटं बोललो. पट्टी ही आहे. घरी पोचती केली होती. तो माणूस चोर नव्हता." गजू हातातली गाळणी तशीच धरून उभा राहिला. मी म्हणालो, "अन् ही काहून नाही लावायची तेही सांगतो, त्यांची अट होती. इंजिनात दम अठराचा. लांब पट्टीचं टोक दिसत नाही, अन् न दिसणारं टोक चावतं. चैन, गरारी अन् टोकातलं चक्र, तिन्हीचं माप एक पाहिजे, अन् ते सुतात येत नाही. अन् माझी चिंच तीन फूट नव्हती."

"मंग किती व्हती, काका?" टपरीवरून कोणीतरी विचारलं.

मी पट्टी जमिनीवर ठेवली, रिकाम्या गाळ्यासमोर गेलो, सागाच्या खांबाला छाती लावली आणि दोन्ही हात गोल केले. बोटांत एक वीत अंतर राहिलं. "एवढी," मी म्हणालो, आणि गजू टेप शोधून आणेपर्यंत तसाच उभा राहिलो.